फिगर स्केटिंगचं ब्लेड: साइज बदलली की नेमकं काय बदलतं?

14 सप्टेंबर 2022. अमेरिकेतल्या लेक प्लॅसिड गावात इलिया मालिनिन नावाच्या 17 वर्षांच्या मुलाने स्पर्धेत क्वाड ॲक्सल उतरवला. हवेत साडेचार गिरक्या आणि मग एका पायावर, पाठीच्या दिशेने सरकत, थेट बर्फावर. स्पर्धेत ही उडी यशस्वी करणारा तो जगातला पहिलाच. तिचे रील्स तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आले असतील. पुढच्या वेळी उतरण्याच्या क्षणी व्हिडिओ पॉज करा आणि त्याच्या बुटाखाली बघा. सगळं वजन साधारण 4 मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या पट्टीवर आलेलं दिसेल, आणि त्यातही तिच्या एकाच कडेवर.

आता गंमत बघा. त्याच रिंकवर सकाळच्या बॅचला येणारी आठ वर्षांची मुलगी घ्या. तिचा बूट इवलासा, ब्लेड इवलंसं. पण त्या ब्लेडची जाडी? तीही जवळजवळ तेवढीच, 4 मिलिमीटरच्या आसपास.

म्हणजे लहान ब्लेड हे मोठ्या ब्लेडचा ‘झूम आउट’ केलेला फोटो नसतं. फोटो दोन बोटांनी लहान केला की त्यातलं सगळं एकाच प्रमाणात लहान होतं. ब्लेडमध्ये तसं होत नाही. लांबी बदलते, पण काही मापं जागची हलत नाहीत. त्यामुळे एकाच कंपनीचं, एकाच मॉडेलचं ब्लेड दोन साइजमध्ये घेतलं, तर बर्फावर ती दोन वेगळी हत्यारं ठरू शकतात. हे का, आणि किती, ते आज आकड्यांसकट पाहू. गणित शाळेतलंच आहे, घाबरू नका.

आधी ब्लेडची ओळख

लांबून बघितलं तर फिगर स्केटचं ब्लेड सरळ वाटतं. ते सरळ नसतं. बाजूने नीट पाहिलं तर खालची रेघ हलकीशी बाकदार दिसते, आपल्या डुलणाऱ्या लाकडी घोड्याच्या पायासारखी. या बाकाला ‘रॉकर’ म्हणतात. त्यामुळे स्केटर चवड्यावर आणि टाचेवर असा पुढेमागे डुलू शकतो, आणि तीन-चार इंचांच्या जागेत पाय वळवू शकतो.

पुढच्या भागात, चवड्याच्या बरोबर खाली, हा बाक अचानक जास्त होतो. त्या तुकड्याला ‘स्पिन रॉकर’ म्हणतात. जागच्या जागी गरगर फिरताना वजन तिथे असतं. त्याच्याही पुढे, अगदी टोकाला, करवतीसारखे दात असतात. ते ‘टो पिक’. त्यातला सगळ्यात खालचा, मोठा दात म्हणजे ‘ड्रॅग पिक’. मागे टाचेबाहेर डोकावणारा भाग म्हणजे ब्लेडची ‘शेपूट’.

आता ब्लेड उलटं करा. ज्या भागावर स्केटर उभा राहतो तो सपाट नसतो. त्याच्या मधोमध लांबीभर एक उथळ पन्हळ कोरलेली असते. तिला ‘हॉलो’ म्हणतात. पन्हळीमुळे एका ब्लेडला दोन धारा मिळतात, एक आतल्या बाजूची आणि एक बाहेरच्या बाजूची. फिगर स्केटिंगमधल्या जवळजवळ सगळ्या उड्या, वळणं आणि त्यांचे गुण ‘कोणत्या पायाची कोणती धार’ यावर ठरतात. म्हणून धार लावणारा माणूस चांगला मिळणं ही या खेळात चांगला कोच मिळण्याइतकीच मोठी गोष्ट समजली जाते, आणि ते मला तरी पटतं.

डब्यावरचा आकडा

ब्लेडची साइज इंचात सांगतात: 8, 9, साडेनऊ, दहा वगैरे. बऱ्याच कंपन्यांमध्ये पाव-पाव इंचाच्या पायऱ्या असतात. हा आकडा म्हणजे ब्लेडची लांबी. बुटाची साइज वेगळी, ब्लेडची वेगळी. प्रत्येक कंपनी आपल्या बुटाच्या कोणत्या नंबरला किती इंची ब्लेड लागेल याचा तक्ता देते. एका कंपनीचा तक्ता दुसरीच्या बुटाला लावू नका. तळवा मोजा.

ढोबळ नियम असा की ब्लेड बुटाच्या तळव्याइतकं लांब हवं. आखूड झालं तर उडी मारून उतरताना टाचेखाली आधार राहत नाही आणि माणूस मागे पडतो. लांब झालं तर वळताना स्वतःच्याच शेपटीवर दुसरा पाय पडतो.

इथे एक घोळ नेहमी होतो. छोट्या साइजची ब्लेड्स जास्त करून शिकाऊ मॉडेल्समध्ये विकली जातात, आणि शिकाऊ मॉडेल्सचे टो पिक मुद्दाम छोटे ठेवलेले असतात, नवख्याने अडखळू नये म्हणून. त्यामुळे ‘ब्लेड छोटं म्हणून पिक छोटा’ असा समज होतो. पिकचा आकार मुख्यतः तुमच्या लेव्हलवर ठरतो. दोन साइजची तुलना करायची असेल तर मॉडेल एकच आहे ना, हे आधी बघा.

सात फुटांचं वर्तुळ

आता मुख्य मुद्दा. कॅटलॉगमध्ये रॉकर फुटात दिलेला असतो, 7 फूट किंवा 8 फूट. ब्लेड तर वीतभर, मग हे फूट कुठले? 7 फूट त्रिज्येचं, म्हणजे 14 फूट रुंद वर्तुळ जमिनीवर आखलंय अशी कल्पना करा. एखाद्या खोलीएवढं होईल. त्याच्या परिघाचा वीतभर तुकडा कापला की तो झाला तुमच्या ब्लेडचा बाक. इंग्लंडमधल्या शेफील्डची जॉन विल्सन ही कंपनी आपली परंपरा 1696 पासूनची सांगते. तिची दोन नावाजलेली मॉडेल्स आहेत, कॉरोनेशन एस आणि पॅटर्न 99. पहिल्याचा रॉकर 7 फूट, दुसऱ्याचा 8 फूट.

आणि हा आकडा मॉडेलचा असतो, साइजचा नाही. 8 इंची ब्लेड घ्या नाहीतर 11 इंची, कॉरोनेशन एस म्हटलं की 7 फूट.

याचा परिणाम मोजून बघू. सोपं जावं म्हणून धरून चालू की अख्खं ब्लेड एकाच वर्तुळाचा तुकडा आहे. प्रत्यक्षात पुढे स्पिन रॉकर आणि पिक असतात, त्यामुळे खरे आकडे थोडे वेगळे येतील, पण दिशा हीच राहील. ब्लेड टेबलावर मधोमध टेकवलं, तर दोन्ही टोकं टेबलापासून किती वर राहतील? अर्ध्या लांबीचा वर्ग करायचा आणि त्रिज्येच्या दुपटीने भागायचं. 7 फूट म्हणजे 84 इंच.

8 इंची ब्लेड: 16 भागिले 168, म्हणजे 0.095 इंच. साधारण 2.4 मिलिमीटर.

11 इंची ब्लेड: 30.25 भागिले 168, म्हणजे 0.18 इंच. साधारण 4.6 मिलिमीटर.

लांबी वाढली 3 इंचांनी, म्हणजे दीडपटसुद्धा नाही. टोकांची उंची मात्र जवळजवळ दुप्पट झाली. कोनाच्या भाषेत सांगायचं तर मधल्या बिंदूपासून टोकापर्यंत डुलायला छोट्या ब्लेडवर सुमारे पावणेतीन अंश लागतात, मोठ्या ब्लेडवर पावणेचार. एक अंशाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. एका पायावर उभं राहून, डोळे मिटून, घोटा एक अंशाने हलवून बघा. शरीराला तो लगेच कळतो.

म्हणजे एकाच मॉडेलचं छोटं ब्लेड त्याच्या मोठ्या भावापेक्षा ‘सपाट’ वागतं आणि मोठं ब्लेड जास्त ‘डुलतं’. छोट्या ब्लेडचा खराखुरा झूम हवा असता, तर 8 इंचाला 7 फूट असताना 11 इंचाला सुमारे 9.6 फूट रॉकर द्यावा लागला असता.

मग कंपन्या तसं का करत नाहीत? कारण बर्फ झूम होत नाही. ब्लेड बर्फाला किती लांबीवर टेकतं हे ब्लेडच्या एकूण लांबीवर ठरत नाही. ते ठरतं त्रिज्येवर आणि ब्लेड किती खोल रुततं त्यावर. समजा 7 फुटी ब्लेड 0.1 मिलिमीटर रुतलं, तर ते सुमारे 41 मिलिमीटर लांबीवर बर्फाला टेकलेलं असेल. 8 इंची असो की 11 इंची, तेवढंच. बाकीचं ब्लेड त्या क्षणी हवेत असतं. पायाखाली जो ‘फील’ येतो तो या चार सेंटीमीटरांचा. लहानपणी 7 फुटावर शिकलेल्या मुलीला मोठेपणीही सरकताना तोच फील हवा असतो, आणि तो त्रिज्या तीच ठेवली तरच मिळतो. किंमत मोजावी लागते ती पुढेमागे डुलताना.

याच हिशोबाने 7 आणि 8 फुटांचा वादही बघता येतो. त्याच 0.1 मिलिमीटर खोलीला 8 फुटी ब्लेड सुमारे 44 मिलिमीटरवर टेकतं. 3 मिलिमीटरचा फरक! त्यावरून स्केटर्स तासन्‌तास वाद घालतात. 7 फुटी ब्लेड पटकन वळतं, 8 फुटी जास्त स्थिर वाटतं आणि वेग टिकवतं, असं साधारण मत आहे. माझं म्हणणं इतकंच की या वादात ब्लेडची साइज कोणी सांगत नाही. 8 इंचावरचे 7 फूट आणि 11 इंचावरचे 7 फूट यांत डुलण्याचा जो फरक आपण वर काढला, तो एकाच साइजच्या 7 आणि 8 फुटांमधल्या फरकापेक्षा मोठा आहे.

तुलनेसाठी लाँग ट्रॅक स्पीड स्केटिंगचं ब्लेड घ्या. तिथे त्रिज्या 20 मीटरच्याही पुढे जाते आणि जाडी साधारण 1 मिलिमीटरवर येते. सुसाट धावायचं, गिरक्या घ्यायच्या नाहीत. पट्टी जितकी सरळ तितकं बरं.

मुलगी वाढते, वजन त्याहून जास्त वाढतं

आता समजा एक मुलगी 8 इंची ब्लेडवर छान स्पिन करतेय. दोन-तीन वर्षांत पाय वाढला आणि तिला त्याच मॉडेलचं 10 इंची ब्लेड आणलं. पहिल्या आठवड्यात स्पिन जागेवर राहत नाही, सरकत जातो. ड्रॅग पिक नको तेव्हा अडकतो, हवा तेव्हा सापडत नाही. घरचे म्हणतात, मॉडेल तर तेच घेतलं, मग ही कंटाळा करते का? ती कंटाळा करत नाहीये. पायाच्या मध्यापासून स्पिनच्या बिंदूपर्यंतचं अंतर वाढलंय, त्यामुळे तिथे पोचायला जास्त पुढे झुकावं लागतंय. तिच्या घोट्याने जो कोन पाठ केला होता तो आता चुकीचा आहे. नवा पाठ व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तिला द्यायला हवा.

दुसरी गोष्ट वजनाची. कुठलीही वस्तू सगळ्या बाजूंनी सव्वापट वाढली तर तिचं वजन सव्वापट होत नाही, 1.25 गुणिले 1.25 गुणिले 1.25 होतं, म्हणजे जवळपास दुप्पट. 8 इंचावरून 10 इंच म्हणजे सव्वापटच. 25 किलोची मुलगी 45-50 किलोची झाली, ब्लेडची जाडी मात्र तीच 4 मिलिमीटर. वजन दुप्पट आणि पट्टी तेवढीच, म्हणजे ब्लेड बर्फात जास्त रुतणार. उडीवरून उतरताना वजनाच्या कित्येक पट जोर येतो तो वेगळाच.

लहान मुलांच्या स्केटिंगमध्ये ‘वाढत्या पायाचा’ बूट घेण्याची सवय जगभर आहे. आपल्याकडे शाळेच्या बुटांचं तेच चालतं, पुढे कापूस कोंबायचा आणि वर्ष काढायचं. इथे ते नडतं. बूट मोठा घेतला की त्याखालचं ब्लेडही मोठं येतं, आणि स्पिनचा बिंदू बोटांच्याही पुढे कुठेतरी कापसाखाली जातो. पैसे वाचवायचेच असतील तर बरोबर मापाचं सेकंडहँड घेतलेलं कधीही चांगलं, फक्त ते कसं तपासायचं ते खाली वाचा.

पन्हळ किती खोल?

हॉलोचं मापही त्रिज्येतच सांगतात, फक्त ती खूप छोटी असते: 3/8 इंच, 7/16, 1/2, 5/8 इंच. आकडा जितका लहान तितकी पन्हळ खोल आणि धार बर्फाला जास्त चावणारी. 4 मिलिमीटर जाडीच्या ब्लेडवर 1/2 इंची हॉलो असेल तर पन्हळीची खोली सुमारे 0.16 मिलिमीटर. 3/8 इंचावर ती 0.21 होते, 5/8 वर 0.13. या सगळ्या खेळाची पकड दोन कागदांच्या जाडीएवढ्या खोलीवर अवलंबून आहे!

रॉकर घडवताना कारखान्यात ठरतो. हॉलो मात्र प्रत्येक वेळी धार लावताना नव्याने कोरला जातो. म्हणजे वजनाचा जो प्रश्न ब्लेडच्या साइजने सोडवला नाही, तो सोडवायची जागा इथे आहे. हलक्या मुलीचं वजन धार बर्फात रुतवायला कमी पडतं, म्हणून तिला खोल पन्हळ, साधारण 3/8 किंवा 7/16 बरी पडते. वजनदार माणसाला तीच पन्हळ जास्त चावते, पाय अडकल्यासारखा वाटतो, वेग मरतो. तो 1/2 किंवा 5/8 कडे जातो. वजन वाढलं आणि नवं ब्लेडही जुन्याच मापाने धार लावून घेतलं, तर अर्धा त्रास तिथूनच सुरू होतो. धार लावायला देताना ‘नेहमीसारखी’ म्हणू नका, आकडा सांगा.

जाडीचाही इथे संबंध आहे. काही ब्लेड्स, खासकरून आइस डान्सची, नेहमीपेक्षा पातळ असतात. समजा 3 मिलिमीटरचं ब्लेड आहे आणि त्यावर तोच 1/2 इंची हॉलो कोरला, तर पन्हळ फक्त 0.09 मिलिमीटर खोल पडते, जवळजवळ निम्मी. 4 मिलिमीटरवर 1/2 इंच असताना धारेचा जो कोन मिळतो तोच 3 मिलिमीटरवर हवा असेल, तर हॉलो 3/8 इंच घ्यावा लागतो. जाडी बदलली की हॉलोचा आकडा त्याच प्रमाणात बदलायचा.

एकेकाळी याच्या उलट टोकाची ब्लेड्सही होती. 1990 पर्यंत आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये ‘कंपल्सरी फिगर्स’ नावाचा भाग असायचा. बर्फावर आठाच्या आकाराच्या ठरावीक आकृत्या, त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा गिरवायच्या. खेळाच्या नावातलं ‘फिगर’ तिथूनच आलं. त्यासाठी स्केटर वेगळी जोडी वापरायचे. तिची पन्हळ एकदम उथळ असायची आणि खालचा ड्रॅग पिक घासून काढलेला असायचा, म्हणजे रेघ स्वच्छ उमटते. तो भाग स्पर्धेतून गेला आणि ती ब्लेड्सही बाजारातून जवळजवळ गेली.

टो पिक आणि शेपूट

टो लूप, फ्लिप आणि लुट्झ या उड्यांमध्ये दुसऱ्या पायाचा पिक बर्फात रोवून वर उसळी घेतात. ॲक्सल, सालकॉव आणि लूप या धारेवरून सुटणाऱ्या उड्या, पण त्यातही सुटताना शेवटचा स्पर्श पुढच्या टोकाचाच असतो. उतरतानाही आधी पिकचा भाग टेकतो आणि मग वजन मागे सरकून धारेवर येतं.

साइजच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की पिक आणि रॉकर यांचं नातं जुळलेलं लागतं. धार लावताना पट्टी दरवेळी थोडी झिजते, पिक मात्र तसाच राहतो. त्यामुळे ब्लेड जुनं होत जातं तसा पिक आपोआप ‘खाली’ येतो आणि आधी नसलेला अडथळा सुरू होतो. काही कारागीर मग पिकही थोडा घासून देतात. ते काम जाणकाराचं आहे. शेजारच्या वर्कशॉपमधल्या ग्राइंडरवर करून घेऊ नका, प्लीज.

शेपटीची गोष्ट वेगळी आहे. आइस डान्समध्ये दोघं एकमेकांच्या अगदी जवळून, पायात पाय घालून चालल्यासारखे जातात. जोडीदाराच्या शेपटीवर पाय पडला की दोघेही आडवे. म्हणून डान्स ब्लेडची शेपूट साधारण इंचभर आखूड ठेवतात. इथे पाय तोच, बूट तोच, तरी ब्लेड मुद्दाम छोटं असतं. अर्थात मागचा आधार कमी होतो. पण डान्समध्ये मोठ्या उड्या नसतात, त्यामुळे निभावतं. कुणी ‘डान्स ब्लेड स्वस्तात मिळतंय’ म्हणून डबल उड्या शिकणाऱ्या मुलीला देत असेल तर थांबवा.

थोडं वजनाबद्दल. पारंपरिक ब्लेड म्हणजे कार्बन स्टीलची पट्टी, वर बुटाला स्क्रूने बसणाऱ्या दोन प्लेटा आणि क्रोमचा मुलामा. साइज वाढली की वजन वाढणारच. अलीकडे ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात स्टेनलेस स्टीलची पट्टी बसवलेली ब्लेड्स मिळतात, आणि जॉन विल्सनच्या रेव्होल्युशन मालिकेत वरचा सांगाडा कार्बन फायबरचा असतो. मोठ्या साइजवाल्यांना याचा फायदा जास्त, कारण कमी होण्यासारखं वजन त्यांच्याकडेच जास्त असतं.

सेकंडहँड ब्लेड मोबाइलने कसं तपासायचं?

7 आणि 8 फुटांतला फरक प्रत्यक्षात किती असतो? 6 इंच लांबीचा तुकडा घेतला तर 7 फुटी बाकाचा मधला फुगवटा 1.36 मिलिमीटर येतो आणि 8 फुटीचा 1.19. फरक 0.17 मिलिमीटर, म्हणजे पुन्हा दोन कागद. धार लावणाऱ्याने मधल्या भागात जास्त दाब दिला, असं काही वेळा झालं, की 7 फुटी म्हणून विकत घेतलेलं ब्लेड 8 फुटी होऊन बसतं आणि कुणाला कळतही नाही. स्पिन रॉकर तर याहून लवकर मरतो, कारण तो तुकडाच छोटा.

म्हणून ब्लेड नवं असतानाच त्याचा ‘पासपोर्ट फोटो’ काढून ठेवा. ब्लेड आडवं ठेवा, खालच्या कडेला स्टीलची पट्टी टेकवा आणि बरोबर समोरून फोटो घ्या. मोबाइल अगदी जवळ नेऊ नका. जवळून, त्यातही वाइड लेन्सने, सरळ रेघाही वाकलेल्या दिसतात आणि आपण तर बाकच मोजतोय. दोन-तीन हात लांब राहून 2x किंवा 3x लेन्स वापरा. डिजिटल झूम टाळा. याहून भरवशाचा उपाय म्हणजे जाड कागदावर टोकदार पेन्सिलने ब्लेडची कड उतरवून ठेवणं. सहा महिन्यांनी ब्लेड त्याच रेघेवर ठेवून प्रकाशाकडे धरा. फट दिसली तर ती झीज.

दोन्ही धारा सारख्या आहेत का, हे बघायला नाणंही पुरतं. ब्लेड उलटं धरून दोन धारांवर आडवं नाणं ठेवा. एक बाजू खाली कलली तर धार तिरकी लागलीय. नाणं छोटं आणि सपाट कडेचं असेल तर बरं, आणि एकाऐवजी तीन ठिकाणी ठेवून बघा.

आपल्याकडे हे सगळं कुठे?

भारतात कृत्रिम बर्फाच्या रिंक्स मोजक्याच. शिमल्याची रिंक 1920 पासूनची, पण तिथला बर्फ थंडीवर अवलंबून. गुरुग्रामच्या मॉलमध्ये एक रिंक आहे. देहरादूनला 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेली रिंक मधली बरीच वर्षं बंद होती. 2025 मध्ये तिथे पुन्हा आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. महाराष्ट्रात मात्र स्केटिंग म्हटलं की पुण्या-मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांपुढे चाकंच येतात.

त्यात एक प्रकार ब्लेडच्या अगदी जवळचा आहे. आर्टिस्टिक इनलाइन स्केट्समध्ये चाकं एका रांगेत असतात, पण एका पातळीत नसतात. मधलं चाक किंचित खाली बसवून रॉकरसारखा बाक आणलेला असतो, आणि पुढे टो पिकच्या जागी रबराचा स्टॉपर असतो. चाकांवर शिकून बर्फावर जाणाऱ्या मुलांना डुलण्याची सवय तिथेच लागते. फरक इतकाच की चाकांच्या फ्रेममध्ये बाक कमी-जास्त करायचा असेल तर चाकं बदलून जमतं. बर्फाच्या ब्लेडमध्ये गेलेला बाक परत येत नाही. झिजून पट्टी संपत आली की नवं ब्लेड घ्यायचं, आणि घेताना दुकानदाराला तीन आकडे विचारायचे: लांबी किती इंच, रॉकर किती फूट, आणि जाडी किती मिलिमीटर. चौथा आकडा, हॉलोचा, तुम्ही त्याला सांगायचा.